आधी सातबारा, मग यंत्र

(जमीन सुधारणा करताना पाळावयाचे झाडांचे व वनांचे नियम)



गळिताचा पट्टा पडला आणि शिमगा पार पडला, की आपल्या कार्यक्षेत्राच्या डोंगरकडेच्या गावांत यंत्रांची घरघर सुरू होते. ज्यांच्या रानाला उपसा सिंचनाचे पाणी नव्याने पोहोचले आहे, ते सभासद वरचा पडसर फोडून उसाखाली आणण्याच्या खटपटीत असतात. यात गैर काही नाही. जमीन सुधारा, ताली घाला, सपाटीकरण करा, असे आमचे खातेच वर्षानुवर्षे मेळाव्यांतून सांगत आले आहे. परंतु सुधारणा सांगताना तिचे नियम सांगायला आम्ही कमी पडलो, हे आरंभीच कबूल करतो.

गट ऑफिसात वारंवार येणारा प्रश्न असा: "साहेब, रान माझं, झाडं माझ्या बापजाद्यानं राखलेली, मग तोडायला परवानगी कुणाची घ्यायची?" प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ प्रमाणे खातेदाराच्या जमिनीतील झाडांवर सर्वसाधारणपणे खातेदाराचाच हक्क असतो. पण हक्क असणे आणि वाटेल तेव्हा तोडण्याची मुभा असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. ऊस आपलाच असतो, तरी तोडणीची चिट्ठी आल्याशिवाय त्याला कोयता लागत नाही. तसेच हे आहे.

नियम सांगण्यापूर्वी एक हकीकत सांगतो. ती सांगताना आमचीही चूक पदरात घ्यावी लागेल, पण त्याला इलाज नाही.

एका सव्वा एकराची गोष्ट

चार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. पश्चिमेकडच्या एका गावातले आपले एक सभासद. "नाव घालू नका, पण झालेलं छापा, म्हंजे दुसरा तरी शहाणा हुईल," असे त्यांनीच आम्हाला सांगितले. त्यांची जमीन साडेतीन एकर. खालची सव्वादोन एकर बागायत आणि वरचा सव्वा एकर पडसर. पडसरात ऐन, किंजळ, जांभूळ, दोन जुने हिरडे आणि त्यांच्या खाली कारवी-करवंदांची जाळी. उपशाचे पाणी वरपर्यंत पोहोचले तेव्हा थोरला मुलगा म्हणाला, "आबा, एवढं रान नुसतं पडून ठेवायचं व्हय?"

लाकडाचा एक व्यापारी घरी आला. "परवानगीचं मी बघतो, तुम्ही काळजी करू नका," म्हणाला. आठ दिवसांत झाडे आडवी झाली. मग जेसीबी लागला, मुळ्या निघाल्या, ताली पडल्या आणि आडसाली लागण झाली. आमच्या शेतकी मदतनीसाने रानात जाऊन टेप धरला, लागणीची तारीख लिहिली, सातबारा फाईलला लावला आणि उसाची नोंद झाली. तो सातबारा कुणी वाचला नाही. आम्हीही वाचला नाही, आणि नोंदीवर सही आमची होती.

पुढे लाकडाचा ट्रक तपासणीत अडकला. वनरक्षक रानात आले, पंचनामा झाला. व्यापाऱ्याने हात वर केले; "झाडं मालकाची, मी नुसता तोडणारा," असे त्याने लिहून दिले. सातबारा उघडला तेव्हा "इतर हक्क" या रकान्यात पुसट अक्षरांत एक ओळ सापडली: भारतीय वन अधिनियम कलम ३५. आबांना वाचता येत होते, मुलगा तर पदवीधर. पण ती ओळ कधी कुणी मोठ्याने वाचली नव्हती.

लाकूड जप्त झाले. मालकावर गुन्हा दाखल झाला. ऊस रानात उभा, पण वादातल्या जमिनीवरच्या उसाला तोडणीची चिट्ठी द्यावी की नाही, हे आम्हाला ठरवता येईना. शेवटी विसाव्या महिन्यात तो तुटला, तोवर तुरे येऊन कांडी पोकळ पडली होती. उतारा एकरी वीस टनांच्या आतच राहिला, कारण खाली मातीच नव्हती, मुरूम होता. सोसायटीचे कर्ज मात्र सबंध एकरांचे होते. त्याच पावसाळ्यात वरच्या ताली फुटून मुरूम खालच्या शेजाऱ्याच्या सरीत उतरला. आणि ज्या झऱ्याला पूर्वी अक्षयतृतीयेपर्यंत धार असायची, तो शिमग्यालाच आटला. त्या झऱ्यावर चार घरांची गुरे पाणी पीत होती. शेजाऱ्याने दोन वर्षे आबांशी बोलणे टाकले. कोर्टातले काम अजून चालू आहे.

ही हकीकत कोणाला भीती घालण्यासाठी दिलेली नाही. यातली प्रत्येक गोष्ट यंत्र लावण्यापूर्वी पंधरा दिवस खर्च केले असते तर टळली असती. ते पंधरा दिवस कसे खर्च करावयाचे, तोच आजचा धडा.

पहिली पायरी: सातबारा पूर्ण वाचणे

आपण सातबारा काढतो तो कर्जासाठी किंवा उसाच्या नोंदीसाठी. पाहतो काय, तर नाव आणि क्षेत्र. त्याच्या खाली आणि शेजारी काय लिहिले आहे तेही वाचावे. विशेषतः तीन गोष्टी पाहाव्यात.

(१) भूधारणा पद्धती. जमीन वर्ग १ ची आहे की वर्ग २ ची, हे कळते. वर्ग २ असल्यास ती कोणत्या अटीवर दिलेली आहे, हे फेरफार काढून पाहावे.

(२) "इतर हक्क" हा रकाना. येथे "राखीव वन", "संरक्षित वन", "खाजगी वन", "वन विभाग" किंवा "कलम ३५" यांपैकी काही शब्द असेल, तर तेथेच थांबावे. त्या नोंदीशेजारी फेरफाराचा नंबर असतो. तो फेरफार तलाठ्याकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, काढून घ्यावा आणि वाचावा.

(३) पोटखराबा. यात वर्ग "अ" आणि वर्ग "ब" असे दोन प्रकार आहेत. "अ" म्हणजे खडकाळ, चढउताराची, लागवडीस अयोग्य म्हणून आकारणीतून सोडलेली जमीन. "ब" म्हणजे रस्ता, कालवा, तळे, स्मशान अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली जमीन. "ब" वर्गाला हात लावता येत नाही. "अ" वर्गाची जमीन शेतकऱ्याने कष्टाने लागवडीखाली आणली असेल, तर तिची आकारणी करून ती लागवडीयोग्य क्षेत्रात दाखवण्याची सोय २०१८ साली नियमांत करण्यात आली. पुष्कळ सभासदांना याचा फायदा झाला. पण ही सोय आकारणीपुरती आहे. पोटखराबा लागवडीखाली घेता येतो म्हणून त्यावरची झाडेही विनापरवाना तोडता येतात, असा अर्थ काढू नये. जमिनीचा नियम वेगळा, झाडाचा नियम वेगळा.

कलम ३५ म्हणजे काय?

भारतीय वन अधिनियम १९२७ सालचा आहे. त्यातले कलम ३५ खाजगी जमिनीसाठी आहे. डोंगरउतारावरची माती टिकावी, दरडी कोसळू नयेत, झरे, नद्या आणि तळी यांचे पाणी राहावे, यासाठी सरकारला खाजगी जमिनीवरही झाडोरा तोडण्यास, जमीन नव्याने फोडण्यास किंवा वणवा लावण्यास बंदी घालता येते. सभासदांनी हे कारण ध्यानात घ्यावे. झऱ्याचे पाणी हा शब्दच कायद्यात आहे.

पुढे महाराष्ट्रात खाजगी वने (संपादन) अधिनियम १९७५ आला. तो ३० ऑगस्ट १९७५ पासून अमलात आला आणि त्या दिवशी राज्यातील खाजगी वने शासनाकडे गेली. लहान खातेदाराला दिलासा म्हणून पुढे कलम २२-अ घालण्यात आले, आणि ज्यांची एकूण जमीन १२ हेक्टरांपेक्षा कमी होते त्यांना ती परत देण्याची तरतूद झाली. मात्र परत मिळाली म्हणून ती मोकळी झाली, असे समजू नये. अशा जमिनीवर वनाच्या अटी लागू राहू शकतात. त्याबद्दल वन विभागाचे लेखी उत्तर हाती घेतल्यावाचून पाऊल टाकू नये.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. काही सातबाऱ्यांवर जुन्या नोटिशीवरून नोंद झाली, पण पुढची चौकशी कधी पूर्ण झालीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ च्या निकालात असे ठरवले, की कलम ३५ ची नुसती नोटीस काढली आणि पुढे काहीच केले नाही, एवढ्यावरून वर्षानुवर्षांनी जमीन खाजगी वन ठरत नाही. तेव्हा नोंद दिसली म्हणून हातपाय गाळण्याचे कारण नाही. ज्याला नोंद चुकीची वाटते त्याने कागद घेऊन महसूल खात्याकडे आणि वन विभागाकडे रीतसर दाद मागावी. पण क्रम चुकवू नये. आधी नोंदीचा निकाल, मग नांगर. आधी नांगर घातला तर खरे असूनही आपणच खोटे ठरतो.

दुसरी पायरी: झाडे ओळखणे

जमिनीवर वनाची नोंद नाही, सातबारा स्वच्छ आहे. तरीही झाडांचा कायदा उरतोच. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ हा ग्रामीण भागातील खाजगी जमिनीवरील झाडांसाठी आहे. (नगरपालिका हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा लागतो.) या १९६४ च्या कायद्याला जोडून झाडांची एक अनुसूची आहे. तीत १६ झाडे आहेत, ती अशी:

हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिबळा, हेदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी.

खारफुटी खाडीकाठची, आपल्याकडे ती नाही. राहिलेली बहुतेक झाडे मात्र आपल्या डोंगरकडेच्या कोणत्याही पडसरात सापडतात. अनेकांना नवल वाटते की आंबा, चिंच, फणस आणि जांभूळही या यादीत आहेत. बांधावरचा आंबा आजोबांनी स्वतःच्या हाताने लावला असला, तरी तो तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते.

काही जण वाट काढतात. बुंध्याची साल सोलून ठेवायची, बुडाशी पाचट पेटवायचे, आणि झाड वाळले की "वठलंय" म्हणून तोडायचे. वनखात्याच्या माणसाला जळका बुंधा आणि वठलेला बुंधा यांतला फरक आपल्याइतकाच कळतो. या वाटेने जाऊ नये.

निलगिरी, सुबाभूळ ही झाडे या अनुसूचीत नाहीत. तरी लाकूड गावाबाहेर न्यायचे झाल्यास वाहतूक पासाची गरज आहे किंवा नाही, हे आधी वनक्षेत्रपालाच्या कार्यालयात विचारावे. तोडीची परवानगी वेगळी आणि वाहतुकीचा पास वेगळा, हे अनेकांना ठाऊक नसते. आबांच्या प्रकरणात ट्रक अडला तो याच ठिकाणी.

तिसरी पायरी: अर्ज करणे

अर्ज स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने द्यावा. व्यापाऱ्याच्या हाती कोरा कागद सही करून देऊ नये. अर्जासोबत चालू सातबारा, खाते उतारा (८-अ), गटाचा नकाशा आणि झाडांची यादी द्यावी. यादीत झाडाचे नाव, छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर आणि तोडण्याचे कारण लिहावे. सामाईक खाते असल्यास सर्व हिस्सेदारांची संमती जोडावी. भावाभावांत मागाहून वाद होतो तो यावरूनच.

जमीन वनहद्दीला लागून असेल तर मोजणी करून हद्द कायम करून घ्यावी. यानंतर वन विभागाची माणसे जागेवर येऊन झाडे पाहतात, खुणा करतात आणि मग लेखी आदेश होतो. परवानगी देताना बदली झाडे लावण्याची अट घातली जाऊ शकते. ती अट कागदावर न ठेवता पाळावी. आदेश हाती येण्यापूर्वी "साहेब तोंडी हो म्हणाले" यावर विसंबून कुऱ्हाड लावू नये. तोंडी परवानगी ही पंचनाम्यात कधी उतरत नाही.

चौथी पायरी: वनहद्द ओळखणे

आपल्या अनेक गावांत शेताची वरची कड म्हणजेच जंगलाची खालची कड. तेथे हद्दीचे दगड किंवा बुरूज असतात. दर उन्हाळ्यात नांगर एकेक तास वर सरकतो, आणि दहा वर्षांत बुरूज शेताच्या मधोमध येतो. करणाऱ्याला वाटते, एका तासाने काय होतेय? पण कायदा तासाचाही हिशेब धरतो.

वन (संवर्धन) अधिनियम हा २५ ऑक्टोबर १९८० पासून लागू आहे. २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे नाव बदलून "वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम, १९८०" असे झाले आणि ही दुरुस्ती १ डिसेंबर २०२३ पासून अमलात आली. त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येईल: वनजमीन वनाखेरीज दुसऱ्या कामासाठी वापरायची तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. झाडोरा काढून पीक घेणे हे "दुसरे काम" आहे, मग ते पीक ऊस असो की काजू. तेव्हा ही परवानगी तलाठी, सरपंच, वनपाल किंवा आमदार यांपैकी कोणीही देऊ शकत नाही. "वरपर्यंत वळख हाय" असे कोणी म्हणाले तरी विश्वास ठेवू नये.

आणखी एक मुद्दा. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले, की "वन" म्हणजे केवळ वनखात्याच्या मालकीचे क्षेत्र नव्हे. मालकी कोणाचीही असो, शब्दाच्या रूढ अर्थाने जे वन आहे आणि सरकारी दप्तरी ज्याची वन म्हणून नोंद आहे, त्यालाही हा कायदा लागतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर या व्याख्येबद्दल पुन्हा वाद उभा राहिला, तेव्हा १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने १९९६ चीच व्याख्या तूर्त पाळण्यास सांगितले. म्हणून खाजगी मालकीची दाट राई असेल, तर "मालकी माझी" एवढ्यावर निश्चिंत राहू नये.

जे सभासद किंवा त्यांचे शेजारी पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसत आले आहेत, त्यांच्यासाठी २००६ चा वनहक्क कायदा आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला, तसेच त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, वनात राहून त्यावर गुजराण करणाऱ्या इतर कुटुंबांना दावा करता येतो. मर्यादा ४ हेक्टर. दावा ग्रामसभेत वनहक्क समितीकडे द्यावयाचा असतो. मात्र हा कायदा जुन्या कसवणुकीसाठी आहे, नवे अतिक्रमण पक्के करण्यासाठी नव्हे.

अभयारण्य किंवा व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारच्या गावांना याखेरीज पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या अटी असू शकतात. तुमचे गाव त्या यादीत आहे काय, हे तहसील कार्यालयात किंवा वनक्षेत्रपालाकडे विचारून घ्यावे.

नियम कशासाठी? थोडा हिशेब

कायदा सांगून झाला. पण केवळ कायद्याच्या धाकाने राखलेले रान फार दिवस राहत नाही. म्हणून शेतकऱ्याच्या हिशेबानेच पाहू.

एका एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी पडले. उतारावर झाडोरा असेल तर पाऊस आधी पानांवर, मग पाचोळ्यावर पडतो आणि मुळांच्या वाटेने जमिनीत मुरतो. तेच पाणी पुढे झऱ्याला आणि खालच्या विहिरीला मिळते. झाडोरा काढून तीच जमीन उघडी केली, की पाणी मुरण्याऐवजी धावते, आणि एकटे धावत नाही, माती घेऊन धावते. एका एकरावरची एक इंच माती म्हणजे सुमारे १३० टन. चांगल्या दोन-अडीच एकरांच्या उसाएवढे हे वजन होते. उसाच्या एका टनाचे बिल चुकले तर आपण गट ऑफिस डोक्यावर घेतो. एवढी माती गेली तरी तिची पावती कोणी मागत नाही.

आता उसाची बाजू. उसाला किमान दोन-अडीच फूट चांगली माती लागते. सुरू उसाला पाऊस धरून २५० ते २७५ सेंटिमीटर पाणी लागते, म्हणजे एकरी एक कोटी लिटरांच्या वर. आडसालीला याहून जास्त, ३४० ते ३५० सेंटिमीटर. मुरमाड उतार हे पाणी धरून ठेवत नाही, म्हणून पाळ्या वाढतात, विजेचे बिल वाढते, खत धुपून जाते. खालच्या बागायतीला पोसणारा झरा तोडून वर उणापुरा वीस टन ऊस काढणे, हा सौदा कोणत्या हिशेबाने परवडतो? आबांच्या खालच्या सव्वादोन एकरांचा उतारा त्या वर्षापासून कमी झाला आहे, कारण विहीर उन्हाळ्यात पुरत नाही. हे आम्ही नोंदवहीत पाहून लिहीत आहोत.

आणि नियम राखणे आपल्याला नवे आहे काय? डोंगरकडेच्या गावागावांत देवराई आहे. तिथली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा नियम कोणत्या राजपत्रात छापला नव्हता, तरी तो पाळला गेला, आणि बहुतेक ठिकाणी गावाचे पाणी त्याच राईच्या पायथ्याला निघते. बावड्याच्या रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या आज्ञापत्रातही रयतेच्या आंबा-फणसाला परस्पर हात लावू नये, अशी ताकीद आहे. एक झाड उभे राहायला किती काळ आणि किती जीव लागतो, हे त्या काळच्या कारभाऱ्यालाही कळत होते.

मग वरच्या तुकड्याचे करावे काय?

"सगळंच पडून ठेवायचं काय?" असे सभासद विचारतील. तसे नाही. सातबारा स्वच्छ असेल आणि उतार बेताचा असेल, तर जमीन जरूर सुधारावी. फक्त पुढील गोष्टी पाळाव्यात.

(१) ओढ्या-ओहोळाच्या दोन्ही काठांची आणि झऱ्याच्या वरची झाडे राखावीत. तेथे यंत्र नेऊच नये.

(२) जास्त उताराचा, मुरमाड तुकडा उसाखाली न आणता तेथे बांबू, काजू, आंबा किंवा चाऱ्याचे गवत घ्यावे. बांबूबद्दल एक चांगली सोय झाली आहे. २०१७ साली भारतीय वन अधिनियमातील झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला, म्हणून स्वतःच्या शेतात लावलेला बांबू तोडण्यास आता झाडासारखी आडकाठी राहिलेली नाही.

(३) ताली समपातळीवर घालाव्यात आणि जादा पाण्याला दगडी सांडवा ठेवावा. शेजाऱ्याच्या सरीत पाणी सोडून आपली ताल वाचवू नये.

(४) जंगलाच्या कडेच्या रानात पाचट पेटवू नये. वारा फिरला की वणवा लागतो, आणि वनात आग जाऊ देणे हा गुन्हा आहे. पाचट सरीत कुजवावे. त्याने खोडव्याला ओल राहते, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

(५) कडेची झुडपे समूळ काढू नयेत. गव्यांचा चारा वरच संपला की गवे उसात उतरतात. मग रात्री राखण करायची पाळी आपल्यावरच येते.

खात्याची नवी पद्धत

आबांच्या प्रकरणापासून आमच्या खात्याने आपली पद्धत बदलली आहे. नव्याने फोडलेल्या रानावरील उसाची नोंद घेताना शेतकी मदतनीस तीन महिन्यांच्या आतला सातबारा मागेल आणि "इतर हक्क" हा रकाना सभासदासमोर मोठ्याने वाचून दाखवील. वनासंबंधी काही शब्द आढळल्यास नोंद तूर्त थांबेल, आणि सभासदाला वन विभागाकडे विचारणा करण्यासाठी अर्जाचा नमुना गट ऑफिसातून मिळेल. झाडे तोडलेली दिसली तर परवानगीच्या आदेशाची प्रत मागितली जाईल. यावर काही सभासद आमच्यावर रागावतील. "कारखाना आपला की वनखात्याचा?" असेही म्हणतील. तो राग आम्ही सोसू. लागणीआधी रागावलेला सभासद आम्हाला चालेल. लागणीनंतर कोर्टाच्या पायरीवर बसलेला सभासद पाहवत नाही.

मागच्या पावसाळ्यात आबांनी वन विभागाच्या सांगण्याप्रमाणे वरच्या तुकड्यात जांभूळ आणि हिरड्याची रोपे लावली, आणि फुटलेल्या तालीवर बांबू लावला. रोपे खांद्यावरून वर न्यायला तो खालचा शेजारी आला होता. आम्हीही होतो. काम उरकल्यावर आबा झऱ्याजवळ बसले आणि म्हणाले, "साहेब, मी हिरडा तोडला तेव्हा त्याचं वय कुणाला सांगता आलं न्हाई. आता ह्यो लावलाय, ह्याचं वय मात्र माझ्या नातवाला सांगता यील."

झरा अजून नीट वाहू लागलेला नाही. त्याला वर्षे लागतील.

यंत्राचे भाडे तासावर असते, म्हणून आपण घाई करतो. सातबारा वाचायला मात्र अर्धा तास पुरतो, आणि त्या अर्ध्या तासाला भाडे नाही. काही शंका असल्यास आपल्या गट ऑफिसात सातबारा घेऊन यावे. आम्ही तो आपल्याबरोबर बसून वाचू.

आपला,
ऊसविकास अधिकारी